अ‍ॅक्टिव्ह लाइव्ह्ज बाल व युवा सर्वेक्षण

अ‍ॅक्टिव्ह लाइव्ह्ज बाल व युवा सर्वेक्षण हे इंग्लंडमधील ५ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींचा खेळ व शारीरिक हालचालींतील सहभाग आणि त्यांविषयीची त्यांची वृत्ती मोजणारे शालेय सर्वेक्षण आहे. स्पोर्ट इंग्लंड या सार्वजनिक संस्थेसाठी ते इप्सॉस ही संशोधनसंस्था करते. २०१७-१८ या शैक्षणिक वर्षापासून ते सुरू असून सामान्यतः दरवर्षी सुमारे एक लाख मुले त्यात भाग घेतात.

कार्यपद्धती

प्रत्येक सत्रात काही शाळा यादृच्छिक पद्धतीने निवडल्या जातात व निवडलेल्या इयत्तांतील मुले ऑनलाइन प्रश्नावली भरतात. प्रश्नावली वयानुसार वेगवेगळी असते. तेथील पहिल्या दोन इयत्तांतील, म्हणजे ५ ते ७ वर्षांच्या मुलांना ‘किती मिनिटे खेळलास?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. म्हणून हालचालींचा तपशील पालकांकडून घेतला जातो आणि मुलांना केवळ आवडीनिवडीचे सोपे प्रश्न विचारले जातात. तिसरीपासून अकरावीपर्यंतची मुले मागील सात दिवसांत काय काय केले ते स्वतः सांगतात. यात संघखेळांइतकेच चालत किंवा सायकलवरून शाळेत जाणे, नृत्य, पोहणे व मोकळे खेळणेही धरले जाते. आपल्याकडील विटीदांडी किंवा लगोरीसारखे खेळ तेथे असते, तर तेही या मोजणीत आले असते.

मुलांना आईवडिलांचे उत्पन्न सहसा ठाऊक नसते. म्हणून घरात मोटारी किती, स्वतःची वेगळी खोली आहे का, कुटुंब सुटीत परदेशी जाते का, अशा प्रश्नांवरून कौटुंबिक सुस्थितीचा अंदाज घेतला जातो. संपन्न घरांतील मुले अधिक सक्रिय असणे आणि मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी असणे, हे दोन निष्कर्ष वर्षानुवर्षे कायम आहेत.

‘सक्रिय’ कोणास म्हणावे

पहिला अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळच्या शासकीय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलाने दररोज किमान ६० मिनिटे हालचाल करणे अपेक्षित होते. ही अट केवळ १७.५ टक्के मुले पूर्ण करत होती. आणखी २५.७ टक्के मुलांची आठवड्याची सरासरी दिवसाला ६० मिनिटे किंवा अधिक भरत होती, परंतु ती सातही दिवस तेवढी हालचाल करत नव्हती. २०१९ मध्ये ही तत्त्वे बदलून ‘आठवडाभरात सरासरी दररोज ६० मिनिटे’ अशी करण्यात आली. त्यामुळे त्याच २०१७-१८ च्या माहितीवरून सक्रिय मुलांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के ठरले. मुले तीच, त्यांचा आठवडाही तोच. बदलली ती केवळ व्याख्या. म्हणून जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना त्यांमागील निकष पाहणे अनिवार्य आहे. नव्या निकषानुसार हे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४६.८ टक्के, तर २०२३-२४ मध्ये ४७.८ टक्के होते.

वृत्तीचे मापन

वृत्तीविषयक प्रश्नांमागे ‘शारीरिक साक्षरता’ ही संकल्पना आहे. खेळण्यात आनंद वाटणे, आत्मविश्वास असणे, खेळ सोपे वाटणे, व्यायाम हितकर का आहे हे समजणे, आणि त्यात सहभागी कसे व्हावे व कौशल्य कसे वाढवावे हे ठाऊक असणे, असे तिचे पाच घटक मानले आहेत. प्रत्येक घटकासाठी एक विधान देऊन त्याच्याशी मूल कितपत सहमत आहे हे विचारतात. वृत्ती सकारात्मक असलेली मुले अधिक सक्रिय आढळतात आणि या घटकांत आनंदाचा संबंध सर्वांत ठळक दिसतो. व्यायामाचे फायदे वर्गात समजावणे पुरेसे नाही, हे क्रीडाशिक्षकांना अनुभवाने माहीत असलेले सत्य येथे आकड्यांत दिसते. मात्र आनंद वाटतो म्हणून मूल खेळते की खेळल्यामुळे आनंद वाटू लागतो, याचा निवाडा एकाच वेळी घेतलेल्या उत्तरांवरून करता येत नाही.

मर्यादा

सर्व माहिती आठवणीवर आधारलेली असते. मुलांचे खेळणे तुकड्यातुकड्यांचे असते. मधल्या सुटीतील धावपळ मिनिटांत सांगणे मोठ्यांनाही कठीण. शरीरावर बांधून हालचाल नोंदवणारी उपकरणे याबाबतीत अधिक विश्वसनीय असली, तरी ती खर्चिक असतात आणि मुलाला तो खेळ आवडला का हे सांगू शकत नाहीत. शिवाय शाळेत न जाणारी मुले या पाहणीबाहेर राहतात. २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्यावर प्रश्नावली घरून भरण्याची सोय करावी लागली. त्या शैक्षणिक वर्षात सक्रिय मुलांचे प्रमाण ४४.९ टक्क्यांवर उतरले.