युरोपियन संघाचे वन जैवभार धोरण

वन जैवभार म्हणजे जंगलातून मिळणारे आणि ऊर्जेसाठी जाळले जाणारे लाकूड, फांद्या, साल व लाकूड उद्योगातील भुसा. सरपण हे त्याचे सर्वांत जुने रूप आहे. आधुनिक धोरणाच्या संदर्भात मात्र या संज्ञेने मुख्यतः औष्णिक वीज केंद्रांत आणि शहरांना नळांवाटे उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या इंधनाचा बोध होतो. युरोपियन संघातील नवीकरणीय ऊर्जेचा अर्ध्याहून अधिक वाटा जैवऊर्जेचा असून तीत लाकूड हा प्रमुख घटक आहे. पवन व सौर ऊर्जेची चर्चा अधिक होत असल्याने ही बाब सहसा लक्षात येत नाही.

कर्ब हिशेबाची पद्धत

लाकूड जाळताना एकक उष्णतेमागे कोळशापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या मार्गदर्शक गुणकांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून सुमारे ११२ किलो, दगडी कोळशातून सुमारे ९५ किलो, तर नैसर्गिक वायूतून सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तरीही संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेत निकष पाळणाऱ्या लाकडाचे उत्सर्जन शून्य धरले जाते. झाड तोडले तेव्हाच त्यातील कर्बाची घट भूमी-वापर क्षेत्राच्या खात्यात नोंदली जाते. धुराड्यापाशी ती पुन्हा मोजल्यास दुहेरी नोंद होईल, हे त्यामागील कारण आहे.

दोन्ही खात्यांवर सारखेच बंधन असेल तरच हा युक्तिवाद टिकतो. लाकूड एका देशात तोडून दुसऱ्या देशात जाळले, तर घट पहिल्या देशाच्या खात्यात पडते आणि अनुदान व उत्सर्जन-कपातीचे श्रेय दुसऱ्याला मिळते. टिमथी सर्चिंगर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही हिशेबातील गंभीर चूक असल्याचे मांडले.

निर्देशांचा विकास

२००९ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशाने २०२० पर्यंत २० टक्के वाट्याचे लक्ष्य ठेवले. घन जैवभारासाठी त्यात बंधनकारक शाश्वतता निकष नव्हते. २०१८ च्या निर्देशाने लक्ष्य २०३० साठी ३२ टक्के केले आणि कायदेशीर तोड, वनाचे पुनरुज्जीवन इत्यादी अटी प्रथमच घातल्या. नव्या वीज व उष्णता प्रकल्पांना जीवाश्म इंधनाच्या तुलनेत ७० टक्के उत्सर्जन-बचत दाखवणेही आवश्यक झाले. या गणितात वाहतूक व प्रक्रिया यांचे उत्सर्जन मोजले जाते. ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र शून्यच धरला जातो.

२०२३ च्या सुधारित निर्देशाने लक्ष्य ४२.५ टक्क्यांवर नेले. करवतीयोग्य ओंडके, औद्योगिक दर्जाचे गोल लाकूड, बुंधे व मुळे जाळण्यासाठी थेट आर्थिक साहाय्य देण्यास त्याने मनाई केली. लाकडाचा उपयोग आधी टिकाऊ वस्तूंसाठी आणि शेवटी इंधनासाठी व्हावा, हे तत्त्वही त्यात आहे. मात्र त्याला अपवाद ठेवलेले आहेत.

ड्रॅक्स वीज केंद्र

इंग्लंडमधील उत्तर यॉर्कशरचे ड्रॅक्स केंद्र हे या धोरणाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. कोळशावर चालणाऱ्या सहा संचांपैकी चार संच २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लाकडी पेलेटवर आणले गेले. भुसा वाळवून व दाबून केलेल्या या गोळ्यांत ओलावा साधारण १० टक्क्यांहून कमी असतो (ताज्या लाकडात तो निम्म्याच्या आसपास असतो), म्हणूनच त्या जहाजाने दूर नेणे परवडते. त्या प्रामुख्याने अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये व कॅनडा येथून येतात. ब्रिटन २०२० मध्ये संघाबाहेर पडला, तरी अनुदान चालू राहिले. कॅनडातील लाकडाविषयीच्या माहितीतील त्रुटींमुळे २०२४ मध्ये नियामक ऑफजेमशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने २.५ कोटी पौंड भरले.

वाद

तोडलेल्या झाडाइतका कर्ब नव्या झाडाने शोषून घेईपर्यंतच्या काळाला ‘कर्ब-ऋण’ फिटण्याचा काळ म्हणतात. बारीक फांद्या नाहीतरी काही वर्षांत कुजतात, त्यामुळे त्यांचे ऋण लवकर फिटते. खोडांच्या बाबतीत अनेक दशके लागू शकतात. त्यामुळे जाळले जाणारे लाकूड कोणत्या प्रकारचे आहे, यावर वादाचा बराच भाग अवलंबून आहे. संघाच्या संयुक्त संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालानुसार ऊर्जेसाठीच्या लाकडापैकी सुमारे ४९ टक्के उद्योगातील उपउत्पादने व टाकाऊ लाकूड होते, ३७ टक्के थेट जंगलातून आले होते आणि उर्वरित लाकडाचा उगमच नोंदलेला नव्हता.

सुमारे ८०० शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये युरोपियन संसदेला पत्र लिहून केवळ अवशेषांनाच मान्यता देण्याची मागणी केली. याउलट स्वीडन व फिनलंडमधील वनउद्योगाच्या मते हिशेब एका झाडाचा नव्हे, तर संपूर्ण वनक्षेत्राचा व्हावा. विरळणीच्या लाकडाला भाव मिळाला तर मालक जंगल राखतात, असे ते सांगतात.

भारतातील स्थिती

भारताच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार औष्णिक केंद्रांत कोळशासोबत पेलेट जाळावयाचे आहेत; त्यांचा भर मात्र वनलाकडावर नसून शेतातील अवशेषांवर आहे. महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाच्या बगॅसपासून वीजनिर्मिती करतात. ऊस वर्ष-दीड वर्षात पुन्हा वाढत असल्याने तेथे कर्ब-ऋणाचा प्रश्न जवळपास उद्भवत नाही.