मुडद्यांना उठवलं पब्लिकनं

1970 साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा हिंदी सिनेमा आला आणि पडला. पृथ्वीराज कपूर, मुमताज, शत्रुघ्न सिन्हा अशी नावं असूनही पडला. निर्माते फतेहचंद रामसिंघानी यांचे हात पोळले. त्यांच्या मुलांनी मात्र थिएटरात एक गंमत हेरली. सिनेमात संग्रहालयातल्या चोरीचा एक प्रसंग होता. भेसूर मुखवटा आणि जाडजूड पोशाख घातलेले पृथ्वीराज आत शिरतात, पोलीस गोळ्या झाडतात आणि त्या माणसाला काही म्हणजे काही होत नाही. एरवी थंड बसलेलं थिएटर तेवढ्या प्रसंगाला ताठ होऊन बसायचं. तुलसी आणि श्याम या भावांनी वडिलांना सांगितलं, लोकांना हेच हवं आहे, तर एवढंच दाखवू.

सिनेमाच्या इतिहासात प्रेक्षकांचं मत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतं: सिनेमा चालला, नाही चालला. आपल्याकडच्या मुडद्यांच्या सिनेमाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवातच तिथून करावी लागते. इथे मत आधी आलं, सिनेमा नंतर.

रामसिंघानींचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव जड जाई, म्हणून त्याचं रॅमसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. हा पत्ता महत्त्वाचा. गिरगावाला खेटून जाणारा हा रस्ता विजेच्या सामानाचा बाजार होता, तसाच सिनेमाचाही. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ अशी थिएटरं एका रांगेत. आणि नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या. कुठल्या गावात कुठल्या खेळाला किती गल्ला जमला, याचा हिशेब तिथे व्हायचा. समीक्षकाचं मत रविवारच्या पुरवणीत छापून येई. पब्लिकचं मत नाझमध्ये रुपये-आण्यांत मोजलं जाई. रॅमसे या दुसऱ्या मताच्या शेजारी राहत होते.

पण मुडदा उठवायचा तर आधी तो शिल्लक असायला हवा. आपल्याकडची खरी अडचण हीच होती. बहुसंख्यांकडे प्रेत जाळतात. मागे उरते ती वासना. म्हणून आपली भुतं अंग नसलेली. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा रानवाटेला. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी वळकटीबरोबर हीच भुतं आणली आणि रात्री गॅलरीत बसून ती पोराबाळांना सांगितली. उठून चालणारं प्रेत आपल्या कथांत एकच, वेताळपंचविशीतलं. तिथेही झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरलेला वेताळ विक्रमाला कोडी घालतो. म्हणजे आपला मुडदा चावत नाही, वाद घालतो! शिवाय वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तर वेतोबा चक्क ग्रामदेव आहे. त्याला भलंमोठं चामडी पायताण वाहतात. ज्याला नवस बोलायचा, त्याची भीती ती किती वाटणार?

हिंदी पडद्यानंही तोवर भुताला हात लावायचं बहुधा टाळलं होतं. 'महल' (1949) घ्या, 'बीस साल बाद' (1962) घ्या, शेवटच्या रिळात भूत माणूसच निघायचं. मराठीत 1976 साली आलेल्या वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा'नेही सावलीचं उत्तर माणसाच्या मनातच शोधलं. सुशिक्षित प्रेक्षकाला घाबरायचं होतं, पण घरी जाताना आपण फसलो नाही याची खात्रीही हवी होती.

तिकडे अमेरिकेत 1968 साली जॉर्ज रोमेरो या तरुणानं पिट्सबर्गच्या आसपास, मित्रांच्या वर्गणीतून, सव्वा लाख डॉलरांच्या आत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. काळ्या-पांढऱ्या चित्रात ते खपून गेलं. नाव बदलताना हक्काची ओळ पडद्यावर टाकायची राहिली आणि सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही. दुपारच्या खेळाला आलेली लहान मुलं रडू लागली, असं रॉजर एबर्ट या समीक्षकानं लिहून ठेवलं आहे. स्टुडिओचं पाठबळ नाही, नट नाहीत, पैसा नाही. तरी आजच्या सगळ्या झोंबींचं मूळ याच सिनेमात निघतं.

रॅमसेंनी 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' काढला. नावातच प्रेताची सोय होती, कारण इथे पुरलं जातं. बायकोच्या कटाला बळी पडून मातीआड गेलेला नवरा परत येतो, एवढीच गोष्ट. चित्रीकरण महाबळेश्वरला, साधारण चाळीस दिवसांत, खर्च साडेतीन लाखांच्या घरात. सात भावांनी कामं वाटून घेतली: कुमार लेखनाला, गंगू आणि केशू कॅमेऱ्याला, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. नट घरचे कपडे घालून उभे राहिले. पैसा नसल्यानं अंधार जास्त वापरला, आणि अंधारातच हा प्रकार शोभून दिसला. सिनेमा चालला आणि घराण्याला धंदा सापडला.

1984 च्या 'पुराना मंदिर'मध्ये हा धंदा भरात आलेला दिसतो. सामरी नावाच्या राक्षसाचं मुंडकं छाटून हवेलीत पेटीबंद केलेलं, धड देवळामागे पुरलेलं. दोन्ही एकत्र आली की तो उठणार, हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळतं. मग दोन तास पब्लिक त्या पेटीकडे डोळे लावून बसतं. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की रंगरंगोटीचा खर्च वाचावा. मध्येच जगदीप येऊन 'शोले'ची नक्कल करतात. समीक्षकांनी अशा ठिगळांवर नाकं मुरडली. पण पिटातला प्रेक्षक सलग अडीच तास घाबरू शकत नाही, त्याला मध्ये शिट्टी मारायला जागा लागते, हे रॅमसेंना पक्कं ठाऊक होतं. किंकाळी आणि हशा एकाच तिकिटात देण्याची ही पद्धत पब्लिकनंच घालून दिली होती.

मराठी प्रेक्षकानं त्यातला हशा उचलला. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त (1993) मेलेला गुंड तात्या विंचू मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'ची, बाहुला रामदास पाध्यांचा आणि दाद पूर्णपणे मराठी. बाहुला खून करत सुटतो आणि लहान मुलं त्याच्याच आवाजात बोलून दाखवतात. वेताळाशी गप्पा मारणाऱ्या परंपरेला ते साजेसंच होतं. त्याच वर्षी रॅमसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. एरवी 'केवळ प्रौढांसाठी'च्या पाटीमुळे थिएटराबाहेर राहिलेली मुलंही आता चाळीतल्या टीव्हीपुढे गोधडी डोक्यावर घेऊन बसली.

पुढे पब्लिकच हललं. गिरगाव, दादर, परळच्या दहा बाय बाराच्या खोल्या सोडून माणसं डोंबिवलीला गेली आणि मुडदेही त्यांच्या मागोमाग गेले. आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' 26 जानेवारी 2022 ला आला. मूकपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातली ही चौथी पिढी. अमेय वाघ आणि वैदेही परशुरामी टॉवरमधलं जोडपं, ललित प्रभाकर शेजारच्या वस्तीतला नेता, आणि भांडण पाण्याचं. झोंबी इथे थडग्यातून येत नाही, शहरानं ज्यांच्या वाट्याचं पाणी तोडलं त्यांच्यातून येतो. मला हा सिनेमा उत्तरार्धात सैल वाटला; धावपळ तीच ती होते. पण कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला कशाची धास्ती वाटते, हे त्याला नेमकं कळलं आहे, आणि रॅमसेंच्या हवेल्यांना ते कधी जमलं नव्हतं.

मतांच्या या इतिहासातला सगळ्यात ठळक निकाल मात्र 'तुंबाड'चा. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा वर्षानुवर्षं रखडून ऑक्टोबर 2018 मध्ये लागला. त्यातली साखळदंडानं बांधलेली, मरता न येणारी आजी नारायण धारपांच्या 'आजी' कथेतून आली. आणि धारपांनी ती स्टीफन किंगच्या कथेवरून घेतली होती. पोरगा तिला हस्तर या शापित देवाचं नाव घेऊन झोपवतो, तो प्रसंग पाहताना आपण आपल्याच माजघरात असल्यासारखं वाटतं. समीक्षकांनी वाखाणला, पण पहिल्या खेपेला गल्ला बेताचाच जमला आणि सिनेमा थिएटरांतून उतरला. त्यानंतर तो लोकांनी घरच्या पडद्यावर पाहिला आणि एकमेकांना सांगितला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लावला, तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.

म्हणून कमी पैशांतल्या भयपटावर पहिल्या आठवड्यात शिक्का मारणाऱ्यांनी जरा थांबावं. या जातीच्या सिनेमाचा निकाल शुक्रवारी लागत नाही. 1970 मध्ये पडलेल्या सिनेमातला एक प्रसंग लोकांनी वाचवला, त्यावर एक घराणं वीस वर्षं जगलं. 2018 मध्ये उतरलेला अख्खा सिनेमा लोकांनी परत आणला. पडलेल्या सिनेमात जीव उरला आहे का, हे तपासायला निर्माते, वितरक आणि आम्ही लिहिणारे नेहमीच उशिरा पोचतो. पब्लिक तिथे आधीच जाऊन बसलेलं असतं.