गंजिफा : तिघांचा डाव

सणाच्या सुटीत पाहुणेमंडळी जमली, जेवणे उरकली, की घरोघर पत्त्यांचा जोड निघतो. हा बावन्न पानांचा जोड युरोपातून आलेला. त्याआधी या देशात गंजिफा खेळत असत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग, ९६ पाने. त्यावर आपल्याकडे दशावतार चढले : दहा रंग, प्रत्येकी राजा, वजीर आणि दहा पाने, म्हणजे १२० गोल पाने.

डाव तिघांचा, वाट्याला चाळीस पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करावयाची, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत दश्शी थोर, उरलेल्या पाचांत एक्का! शिवाय हुकूम नाही. उतरलेली पाने ध्यानात ठेवील तो जिंकेल. असा खेळ वडीलधाऱ्यांच्या पाठीशी बसूनच येणार, आणि त्याला सुटीची निवांत दुपारच हवी.

छापील स्वस्त जोड आल्यावर चिताऱ्यांचे काम बसले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली, हे मोठेच काम. तथापि आमच्या मते अर्धेच काम झाले. लोक आता तो जोड हौसेने विकत घेतात, काचेच्या कपाटात मांडतात. पाहुण्यांनी नियम विचारले तर सांगणारा घरात सापडत नाही.