खून की कमी: लोह, फॉलिक ॲसिड आणि आपल्या घरातली ताटं

सातवीच्या वर्गात एका मुलीच्या दप्तरातून पाटीवरच्या पेन्सिलींची अख्खी डबी निघाली. सातवीत पाटी कोण वापरतं? "मिस, वो खाती है," शेजारची म्हणाली आणि वर्ग हसला. मीसुद्धा आधी रागावलेच. पुढे आरोग्य तपासणी झाली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठच्या थोडं वर निघालं. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ असं काहीबाही खाण्याची ओढ लोह कमी असलेल्या माणसांत बऱ्याचदा दिसते. डॉक्टर त्याला पायका म्हणतात. आपण त्याला वाईट सवय म्हणतो आणि हातावर पट्टी मारतो.

तिच्या अम्मीला बोलावलं. पहिलं वाक्य होतं, "मिस, आमच्या घरी गोश्त होतं, खून कमी कसं होईल?" हा प्रश्न मी पंधरा वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

आधी शब्दांचा अर्थ. रक्त "कमी" होतं म्हणजे अंगातलं रक्त आटतं असं नाही. रक्ताच्या लाल पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. ते फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत पोचवतं. या हिमोग्लोबिनच्या मधोमध लोह बसलेलं असतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त रक्तातच. एवढंसं कमी पडलं की जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते, केस गळतात, नखं तुटतात. शिक्षक म्हणून मला दिसतं ते वेगळंच: तिसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवलेली मुलगी. तिला आपण आळशी म्हणतो.

१०० मिलिलिटर रक्तात स्त्रियांमध्ये किमान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन हवं, पुरुषांमध्ये १३. गर्भवती बाईसाठी साधारण ११ ही सीमा धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं हिमोग्लोबिन या सीमेच्या खाली होतं. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. पुरुषांमध्ये मात्र देशभरात २५ टक्के. चूल एकच, हंडी एकच, आणि फरक दुपटीहून जास्त.

या फरकाचं एक कारण निसर्गाचं आहे. दर महिन्याला मासिक पाळीत रक्त जातं, त्याबरोबर लोहही जातं. बाळंतपणात तर आई आपल्या साठ्यातलं लोह बाळाला देते. म्हणून आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्या पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरतं असं धरलंय, पण बाईला २९. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३०, त्याच वयाच्या मुलाला २२. म्हणजे ज्या मुलीला आपण "तू थोडं कमी घे, भाई को दे" म्हणतो, तिची गरज भाईपेक्षा जास्त असते. दुसरं कारण आपलं आहे, आणि ते वरच्या वाक्यातच आलं.

आता गोश्तचा प्रश्न

मांसातलं लोह शरीराला सोपं जातं, हे खरं. डाळ, धान्य, पालेभाजीतल्या लोहापेक्षा ते कितीतरी चांगलं शोषलं जातं. शिवाय मांसाबरोबर खाल्लेल्या डाळीतलं लोहही थोडं जास्त लागू पडतं, म्हणून दालचा किंवा डाळ-गोश्त हा उत्तम मेळ आहे. पण हिशेब करून पाहा. बकऱ्याच्या १०० ग्रॅम मटणात लोह दोन-तीन मिलिग्रॅम. ब्रॉयलर कोंबडीत एकाच्या आसपास. आणि आजकाल बहुतेक घरांत जुम्याला किंवा इतवारला जे येतं ते ब्रॉयलरच असतं, सहा-सात माणसांत एक किलो. त्यात आधी मेहमान, मग घरातले पुरुष, मग मुलं, शेवटी अम्मी आणि मोठी मुलगी. त्यांच्या ताटात येतो शोरबा आणि एक आलू. घरात गोश्त शिजलं आणि मुलीच्या पोटात गोश्त गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या अम्मीला मी एवढंच विचारलं, "मागच्या जुम्याला हिच्या ताटात किती बोटी होत्या?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मेरी प्लेट में भी नहीं थी."

कलेजीत लोह चांगलंच असतं, सोबत फॉलेट आणि बी-१२ही. बकरी ईदला सगळ्यात आधी कलेजी तव्यावर पडते, तेव्हा मुलींना त्यातला वाटा द्यावा. एक सावधगिरी आहे. कलेजीत व्हिटॅमिन ए फार जास्त असतं आणि ते गर्भातल्या बाळाला अपाय करू शकतं. म्हणून गर्भवती बाईला ताकद म्हणून रोज कलेजी खाऊ घालू नये.

रोजच्या जेवणात मसूर, चवळी, हरभरा, बाजरी, तीळ, अळीव हे लोहाचे साधे रस्ते. (अळिवाला काही घरांत हालीम म्हणतात. मोहर्रम-रमजानच्या हलीमशी त्याचा संबंध नाही. हालीम म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातलं लाल बी.) कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. लोखंडी तवा-कढई वापरली, आणि त्यात टोमॅटो-चिंचेसारखं आंबट शिजवलं, तर भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. नॉनस्टिकच्या नादात लोखंडी कढई भंगारवाल्याला दिली असेल तर परत आणा.

खजूर, अनार, बीट या तिघांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण खून कमी म्हटलं की घरात पहिले हेच येतात. अनार आणि बीट लाल आहेत, पण त्यांच्या रंगाचा लोहाशी संबंध नाही. १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह निघत नाही. खजूर चांगलं फळ आहे, ऊर्जा देतं, त्याची बरकत आपण मानतो; पण इफ्तारच्या तीन खजुरांत लोह मिलिग्रॅमभरच. खा जरूर. पण आठ हिमोग्लोबिनवर तेवढा इलाज पुरत नाही.

चहा

घरात ज्याच्याकडे लक्ष जात नाही तो मोठा चोर म्हणजे चहा. चहातलं टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतं आणि आतड्याला घेऊ देत नाही. जेवणाबरोबर घेतलेला एक कप चहा डाळ-भाकरीतलं लोह निम्म्याहून अधिक अडवू शकतो. आपला नाश्ता आठवा: चहात बुडवलेली खारी, बटर, पाव, नाहीतर चपाती. दुपारी जेवण झालं की लगेच चाय. सहरीला तर चाय लागतेच. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. बंद करा असं कोणी म्हणत नाही, मीही दोन कपांशिवाय शाळेत पोचत नाही. फक्त जागा बदलायची.

याच्या उलट काम लिंबाचं. व्हिटॅमिन सी पोटातल्या लोहाचं रूप बदलतं आणि ते शोषायला सोपं करतं. डाळीवर पिळलेलं लिंबू, जेवणासोबत पेरू, आवळा, कच्चा कांदा-टोमॅटोची कचुंबर. लिंबू डाळ उतरवल्यावर पिळायचं, उकळताना नाही, कारण हे व्हिटॅमिन उष्णतेने नष्ट होतं.

मुंबईतली एक जुनी गोष्ट

सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो. हे ज्या शोधातून कळलं तो शोध आपल्या मुंबईतला आहे, आणि त्यात आपल्याच बायका आहेत. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती बायकांना एक भयंकर ॲनिमिया व्हायचा, त्यात लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. जंतू शोधले, सापडले नाहीत. मग विल्स बाईंनी कोणत्या समाजातली बाई काय खाते ते पाहिलं. गरीब मुस्लिम बायकांचा आहार सगळ्यांत निकृष्ट होता आणि आजारही त्यांच्यातच सगळ्यांत जास्त. पुढे उंदीर आणि माकडांवर प्रयोग झाले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, माकड बरं झालं, मग बायकाही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्या अर्कातला पदार्थ काय होता ते दहा वर्षांनी कळलं. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. आज जगभर गर्भवती बायकांना जी गोळी देतात तिची मुळं अशी परळला पोचतात.

फॉलिक ॲसिडचं दुसरं काम बाळाच्या मेंदू आणि मणक्याचं. ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळायच्या आधीच. म्हणून निकाह झालेल्या आणि मूल हवं असलेल्या मुलीने गोळी आधीपासून घ्यायची असते, तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर नव्हे. जेवणातलं फॉलेट मेथी, पालक, चवळी, डाळींत मिळतं. भाजी तासभर शिजवली तर बरंचसं जातं.

बी-१२ मांस, अंडी, मासे, दुधात असतं, त्यामुळे आपल्याकडे ते कमी असण्याची शक्यता थोडी कमी. पण घरातले बुजुर्ग शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असतील तर ते औषध बी-१२ कमी करू शकतं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा याला "उमर हो गई" म्हणू नका, तपासून घ्या.

निळी गोळी

शाळेत आठवड्यातून एकदा मुलामुलींना मिळते त्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी गोळी, गर्भवती आणि बाळंतिणीसाठी लाल. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळा सोडलेल्या मुलींना निळी गोळी अंगणवाडीतून मिळते. वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात ती याच कामाची. आतड्यातले आकडीजंत रक्त पितात.

एका वर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांतून "हमारी लड़की को मत दो" अशा चिठ्ठ्या आल्या. कुणीतरी मोबाइलवर फिरवलं होतं की या गोळीने पुढे औलाद होत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ॲनिमिया असलेल्या बाईचं बाळंतपण धोक्याचं असतं, बाळ कमी वजनाचं होतं, आणि थोडा रक्तस्राव झाला तरी आईच्या जिवावर बेततं. गोळीने मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौच काळी होते, हे मात्र होतं आणि ते आधी सांगायला हवं. उपाशीपोटी त्रास होत असेल तर जेवणानंतर घ्या, पण चहा-दुधासोबत नाही. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत किमान दोन तास अंतर. हिमोग्लोबिन बारावर आलं म्हणून लगेच बंद करायची नाही, साठा भरायला पुढे काही महिने लागतात. किती, ते डॉक्टर सांगतील.

रमजानमध्ये गोळी बंद करायची गरज नाही, इफ्तार आणि सहरीच्या मधे घ्या. तरावीहनंतर लिंबू-पाण्यासोबत चांगलं जमतं. गर्भवती आणि दूध पाजणाऱ्या बाईला रोज्याची सवलत आहेच. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर औषध सोडू नका. लोह साध्या गोळीत आणि सिरपमध्येही मिळतं, केमिस्टकडे तसं मागा. आणि ही पाकिटं लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. गोड समजून मूठभर गोळ्या गिळलेलं मूल दगावू शकतं.

गोळ्या खाऊन तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर आणखी गोळ्या वाढवण्यापेक्षा तपासणी वाढवायची. फेरिटिन केलं की लोहाचा साठा कळतो. लोह भरपूर आहे आणि पेशी तरी लहान, असं निघालं तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता असते. अशा माणसाला आजार नसतो, पण त्याला उगाच लोह देत राहणं बरोबर नाही. नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर दर खेपेला चारातून एक शक्यता असते की मूल थॅलेसेमिया मेजर होईल, ज्याला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. चुलत-मामेबहिणीशी रिश्ता होतो तिथे दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते, कारण दादा-नाना एकच. एचपीएलसी नावाची रक्ततपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. मंगनीच्या आधी जहेजची यादी निघते, त्या कागदात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

त्या सातवीतल्या मुलीला डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी कंपासपेटीत पेन्सिली दिसल्या नाहीत. तिची अम्मी मात्र अजून तपासायची आहे, ती म्हणते सुट्टीत जाईन.