समुद्राचा देव कोल्हापुरात कसा आला?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात कांस्याची एक छोटी मूर्ती आहे. उघड्या अंगाचा, दाढीवाला पुरुष, एक हात उंचावलेला. त्या हातातला त्रिशूळ कधीच गळून गेलाय. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. शाळेच्या सहलीत मी त्याच्यासमोरून सरळ पुढे गेलो होतो. आम्हा पोरांना बाहेर बागेतल्या तोफांवर चढायची घाई होती.

तो पुन्हा आठवला २०१९ च्या ऑगस्टमध्ये. मी पुण्यात होतो, हायवे बंद होता आणि आज्जीच्या घरात पाणी शिरलं होतं. कोल्हापूरकरांना दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. त्या वर्षी ती ५५ फुटांच्याही वर गेली. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत पाणीपातळी उघडून बसलो होतो. आज्जीला फोन लावला तर तिचा पहिला प्रश्न घराबद्दल नव्हता. "गगनबावड्यात किती पडला रे?" तिला ठाऊक होतं, आपल्या दारातलं पाणी आपल्या आभाळातून येत नाही.

हे खरंच आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढे जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती निघतात, लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती पाचवी, आणि प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते. माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. पाणी ज्या वाटेनं कोल्हापुरात उतरतं, त्याच वाटेनं तो समुद्रदेव तर आला नसेल? त्या डिसेंबरात बाबांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि निघालो. सुरुवात अर्थातच ब्रह्मपुरीपासून.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठचं टेकाड. आज तिथे घरं आहेत, गल्ल्या आहेत, गाड्या लावायला जागा नाही. १९४४-४५ मध्ये इथे प्रा. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली कांस्यवस्तूंचा साठा सापडला. पोसायडन त्यातलाच. आरसा, हत्तीवर बसलेली माणसं, परदेशी घडणीचा चंबू असं बरंच काही त्याच्यासोबत होतं. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. विटांची घरं, मणी, नाणी. कोल्हापूरच्या नाण्यांवर धनुष्यबाण असतो आणि विळिवायकुर अशी राजांची नावं असतात. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी 'हिप्पोकुरा' या राजधानीच्या राजाचं नाव 'बालेओकुरोस' देतो. अनेक अभ्यासकांच्या मते हा विळिवायकुरच. म्हणजे अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाच्या कानावर आपल्या भागातल्या राजाचं नाव गेलं होतं. ते नाव तिथवर नेणारे कोण? खलाशी आणि व्यापारी. दुसरं कोणी नाही.

बालिंग्याजवळ भोगावती ओलांडली की रस्ता पश्चिमेला लागतो. वाट थोडी वाकडी करून आम्ही कसबा बीडला गेलो. गावात वीरगळ इतके की काही चक्क रस्त्याकडेला उभे. पावसाळ्यानंतर इथल्या शेतांत हरभऱ्याच्या डाळीएवढ्या सोन्याच्या मुद्रा सापडतात, म्हणून लोक 'सोन्याचा पाऊस' म्हणतात. गाव शिलाहारांशी जोडलं जातं. पुढे कळे, साळवण. कुंभीचं खोरं अरुंद होत जातं, उसाची जागा भात घेतो, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. पळसंब्याला ओढ्याच्या पात्रातल्या प्रचंड शिळांमधून कोरलेली एकाश्म मंदिरं आहेत. बाबा पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "आडबाजूला कोण एवढं कोरत बसंल? हितनं माणसांची येजा असणार." मी दोन पुस्तकं वाचून जिथे पोचलो होतो, तिथे ते पाय भिजवून पोचले.

गगनबावड्याला रस्ता संपल्यासारखा वाटतो आणि एकदम जमीनच संपते. समोर कोकण. इथून दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा, आणि दोहोंवर नजर ठेवून गगनगड उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला, असं मानलं जातं. किल्ला इथेच का, हे कड्यावर उभं राहिलं की कळतं. सह्याद्रीची भिंत इथे उतरू देते, म्हणून जकात इथेच घेता येते आणि शत्रू इथेच अडवता येतो. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं. या धारेवर पडलेला थेंब पूर्वेला घरंगळला तर कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला वळला तर संध्याकाळपर्यंत अरबी समुद्राच्या वाटेला लागतो. पाण्याची फाटाफूट जिथे होते, तिथेच माणसांच्या वाटा एकत्र येतात.

घाटाखालचं पाणी शुक नदीनं खारेपाटणला येतं आणि पुढे वाघोटनची खाडी होऊन विजयदुर्गला समुद्राला मिळतं. खारेपाटण आज हायवेवरचं एक गाव आहे. गाड्या थांबतात, चहा पितात, जातात. इथे मिळालेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. तो प्रथम प्रसिद्ध केला तो 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि त्यांचं पोंभुर्ले याच मुलखातलं. ताम्रपटात एका शैव मठाला दान दिलंय. गावांबरोबरच परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक सुवर्ण धरण. चेमूल्य आणि चंद्रपूरच्या जहाजांना सूट. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. हा करार वाचून मी हसलो. दर, अपवाद, सगळं नीट लिहिलेलं. आमच्या कंपनीतला दस्तऐवजही इतका स्वच्छ नसतो. पण त्यातून एक कळतं. देवाचा दिवा जळण्याइतकी जहाजं या किनाऱ्यावर नेमानं येत होती.

शेवटचा मुक्काम विजयदुर्ग. खाडी इथे रुंद होते, आणि जरा वर गिर्ये भागात खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच ठिकाणी जाळलं. त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे आपण इतिहासात जरा दबक्या आवाजात सांगतो. त्याआधी सतरा शतकं जायची, तर पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये या किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी आहे. त्यातलं 'बायझँटियन' म्हणजे विजयदुर्ग, असं काहींनी सुचवलं. त्यावर एकमत नाही.

मग पोसायडन याच वाटेनं आला का? तसा लेखी पुरावा नाही. तो चौलला उतरून देशावरून फिरतही आला असेल, किंवा आणखी एखाद्या घाटानं. मी प्रोग्रामर आहे. दोन टोकं जुळतात म्हणून मधली तार सिद्ध झाली, असं मला म्हणता येत नाही. पण आता मला त्याचं कोल्हापुरात असणं आश्चर्याचं वाटत नाही. आपण शहराचा इतिहास अंबाबाई, शाहू महाराज, तालमी असा सांगतो, सगळा देशावरचा. समुद्र त्यात नसतो. खरं तर नदीचं खोरं, घाटाची खिंड आणि खाडी या तिघांनी मिळून हे गाव व्यापाराचं केलं. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेची वर्षानुवर्षं चाललेली चर्चा ही त्याच वाटेची नवी मागणी आहे.

परत आल्यावर आज्जीच्या घराच्या भिंतीवरची पुराची रेघ पुन्हा पाहिली. सातवाहनांच्या काळातली माणसं टेकाडावर राहिली. आम्ही त्याच नदीच्या पोटात मुरूम टाकून प्लॉट पाडले आणि पाणी आलं की आभाळाकडे बघतो. आज्जीनं रेघ पुसू दिली नव्हती. रंगारी आला तेव्हा तिनं त्याला तेवढी पट्टी सोडायला सांगितली. "असू दे. पुढच्याला कळाय पाहिजे, पाणी कुठवर येतं ते."

पुढच्या सुट्टीत मी तिला टाउन हॉलला नेलं. काचेजवळ वाकून तिनं पोसायडनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो पाण्याचा देव न्हवं? मग पुरात ह्याला कुणी हलवलं का न्हाई?"