जंगम की स्थावर? : अमेरिकेतील ‘मोबाइल होम’ ही संज्ञा आणि तिच्यामागील वसाहत

मराठीतील कायद्याच्या परिभाषेत मालमत्तेचे जंगम आणि स्थावर असे दोन वर्ग रूढ आहेत. ‘गम्’ धातूशी नाते सांगणारा पहिला शब्द गती सुचवितो. ‘स्था’ धातूपासून आलेला दुसरा स्थैर्य सुचवितो. घर हे स्थावराचे सर्वपरिचित उदाहरण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र विसाव्या शतकात असे एक घर निर्माण झाले, की जे व्यवहारात स्थावर, पण कायद्याच्या दृष्टीने बहुधा जंगम ठरले. ‘ट्रेलर’, ‘मोबाइल होम’ आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ ही त्याची क्रमाने रूढ झालेली तीन नावे. नावे बदलत गेली. परंतु घर रहिवाशाचे आणि त्याखालील जमीन दुसऱ्याची, हा या घरांच्या वसाहतींचा मूळ पाया बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. संज्ञा आणि वस्तुस्थिती यांतील या अंतराचा भार कोणावर पडला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या इतिहासाचा प्रारंभ प्रवासात झाला. मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येताच सुटीत तंबू अथवा घरगुती बनावटीची गाडी घेऊन हिंडण्याची प्रथा अमेरिकेत वाढली. १९१९ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील टँपा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या नावाची संघटना स्थापन केली. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही मराठी म्हण त्यांना तंतोतंत लागू पडली असती. प्रवासी गावात पैसा खर्च करतात, म्हणून अनेक नगरपालिकांनी त्यांच्यासाठी प्रथम विनामूल्य तळ उघडले. पुढे याच तळांवर काम शोधीत फिरणारी गरीब कुटुंबे येऊ लागताच शुल्क आणि मुक्कामाची मुदत या दोन अटी आल्या. पाहुणा आणि रहिवासी यांत भेद करण्याची ही पहिली खटपट होती.

१९२९-३० च्या सुमारास डेट्रॉइट येथील आर्थर शर्मन या जंतुशास्त्रज्ञाने आपल्या कुटुंबासाठी एक ट्रेलर बांधवून घेतला आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. त्याने आपल्या उत्पादनाला ‘कव्हर्ड वॅगन’ हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांच्या छपरी गाड्यांचे ते नाव असल्यामुळे, सुटीच्या वाहनाला राष्ट्रीय पूर्वस्मृतीचे तेज आपोआप चढले. मंदीच्या त्या काळात मात्र अनेकांसाठी ट्रेलर हे सुटीचे साधन न राहता राहण्याची जागा झाली होती. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅब्सन या अर्थविश्लेषकाने १९३० च्या दशकात केले होते. ते खरे ठरले नाही. तथापि ते गांभीर्याने घेतले गेले, यावरून काळाची मनःस्थिती कळते. ट्रेलर हे वाहन की निवासस्थान, हा प्रश्न न्यायालयांपुढेही याच दशकात येऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला निकडीचे रूप दिले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती लाखो कामगार गोळा झाले आणि त्यांना पुरतील इतकी घरे नव्हती. संघराज्य सरकारने हजारो ट्रेलर विकत घेऊन डेट्रॉइटजवळील विलो रन, टेनेसीतील ओक रिज इत्यादी ठिकाणी तळ वसविले. सरकारच्या लेखी ही तात्पुरती सोय होती. युद्ध संपल्यावरही घरांची टंचाई मात्र संपली नाही, आणि परतलेले सैनिक, बांधकामांमागे फिरणारे मजूर व निवृत्त वृद्ध हे या घरांचे कायमचे ग्राहक बनले.

संज्ञेचा खरा पालट १९५० च्या दशकात झाला. त्या वेळी महामार्गांवरील वाहनांच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ८ फूट होती आणि ट्रेलरही तेवढेच रुंद असत. विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथील उत्पादक एल्मर फ्रे याने या दशकाच्या मध्यास १० फूट रुंदीचे घर बाजारात आणले. दोन फुटांची ही वाढ वरवर क्षुल्लक वाटते. पण तिच्यामुळे खोल्यांच्या कडेने स्वतंत्र वाट काढता आली, आणि एका खोलीतून दुसरीत जाताना तिसरीतून जावे लागण्याची अडचण दूर झाली. त्याच वेळी हे घर कुटुंबाच्या मोटारीने ओढण्याजोगे उरले नाही. त्याला खास मालमोटार आणि रस्त्याचा विशेष परवाना लागू लागला. ‘मोबाइल होम’ या संज्ञेचे जनकत्वही फ्रे यालाच दिले जाते. अर्थात, ज्या क्षणी हे घर फिरण्यास असमर्थ झाले, त्याच क्षणी त्याला ‘फिरते’ हे विशेषण चिकटले. त्यामागे व्यापारी हेतू उघड होता. ‘ट्रेलर’ या शब्दाला दारिद्र्याचा वास येऊ लागला होता आणि ‘होम’ या शब्दात प्रतिष्ठा होती. १९६० च्या दशकात रुंदी १२ फुटांपर्यंत गेली. १९७० च्या दशकाच्या आरंभी वार्षिक उत्पादन पाच लाख घरांच्या वर पोहोचले.

येथून दोन वाटा फुटल्या. सहलीसाठी खरोखर फिरणारी गाडी ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, म्हणजेच ‘आरव्ही’, या निराळ्या वर्गात गेली. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून स्वयंचलित ‘मोटर होम’ काढून या वर्गाचा प्रसार केला. ॲरिझोना आणि फ्लॉरिडा येथील आरव्ही-तळांवर उत्तरेकडील वृद्ध जोडपी हिवाळा घालवू लागली. तथापि या वर्गातही जुनाच पेच पुन्हा उद्भवला. ‘पार्क मॉडेल’ नावाचे ४०० चौरस फुटांपर्यंतचे घर वर्षानुवर्षे एका जागी उभे असते, आणि तरीही वर्गीकरणात ते वाहनच असते.

दुसऱ्या वाटेवरील घराला संघराज्याने नियमांत बसविले. १९७४ च्या कायद्यान्वये बांधणीची व सुरक्षिततेची राष्ट्रीय मानके ठरली आणि ती १५ जून १९७६ पासून लागू झाली. १९८० मध्ये संघराज्याच्या कायद्यांतून ‘मोबाइल होम’ हा शब्द काढून ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’, म्हणजे कारखान्यात तयार झालेले घर, हा शब्द घालण्यात आला. गतीचा उल्लेख गेला; पण कायमस्वरूपी लोखंडी सांगाडा घराखाली असलाच पाहिजे, ही अट व्याख्येत राहिली. शब्द स्थावर झाला, व्याख्या जंगमच राहिली.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जंगम मानलेल्या घराला गृहकर्ज सहसा मिळत नाही. वस्तुतारणावरील कर्ज मिळते आणि त्याचा व्याजदर अधिक असतो. नगररचनेच्या नियमांनी या वसाहतींना निवासी भागांतून दूर सारून बहुधा हमरस्ते, कारखाने वा सखल जमीन यांच्या शेजारी ढकलले. सर्वांत गंभीर परिणाम मात्र भाड्यासंबंधी झाला. जमीनमालकाने भाडे वाढविले, तर ‘घर उचलून दुसरीकडे न्या’ हे उत्तर कागदावर बरोबर असते. प्रत्यक्षात घर हलविण्यास हजारो डॉलर पडतात, जुने घर प्रवासात टिकेलच असे नसते, आणि टिकले तरी ते स्वीकारणारी दुसरी वसाहत सापडणे कठीण. परिणामी रहिवासी वाढीव भाडे देतो, किंवा पडेल किमतीत घर विकतो, किंवा ते तेथेच सोडून जातो.

या स्थितीचे नेमके वर्णन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये यी विरुद्ध एस्कोंडिडो नगर या खटल्यात केले. कॅलिफोर्नियातील त्या नगराने १९८८ मध्ये वसाहतींची भाडी १९८६ च्या पातळीवर आणून पुढील वाढीस नगरसभेची संमती आवश्यक केली होती. ही आपल्या जमिनीवरील जबरदस्तीची ताबेदारी होय, असे मालकांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालपत्रात नमूद केले, की ‘मोबाइल होम’ ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे. एकदा वसाहतीत बसविलेल्या शंभर घरांपैकी सुमारे एकच पुढे हलविले जाते. एका सामासिक शब्दाचे इतके अचूक अर्थविवेचन कोशांतही क्वचित आढळेल.

संज्ञा बदलून जे साधले नाही, ते काही ठिकाणी जमिनीचा संबंध बदलून साधले. न्यू हॅम्पशर राज्यातील मेरेडिथ येथे १९८४ मध्ये एका लहान वसाहतीच्या १३ कुटुंबांनी सहकारी संस्था स्थापून, कर्जाच्या साहाय्याने आपल्या पायाखालची जमीन विकत घेतली. वसाहत विकण्यापूर्वी रहिवाशांना ६० दिवसांची पूर्वसूचना देणे त्या राज्यात कायद्याने आवश्यक झाले. या मार्गाचा देशभर प्रसार करण्यासाठी २००८ मध्ये ‘आरओसी यूएसए’ ही संस्था स्थापन झाली. दुसऱ्या बाजूला, रहिवासी सहसा जाऊ शकत नाही आणि म्हणून भाडे निश्चित येते, हे ओळखून मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनीही अशा वसाहती विकत घेतल्या. एकाच वस्तुस्थितीतून सहकार आणि नफा असे दोन भिन्न निष्कर्ष निघाले.

मराठीत घरमालक आणि बिऱ्हाडकरू या परस्परविरुद्ध संज्ञा आहेत. अमेरिकन वसाहतीतील रहिवासी एकाच वेळी दोन्ही असतो: छप्पर आणि भिंती यांचा मालक, जमिनीचा बिऱ्हाडकरू. यास्तव ‘मोबाइल होम’चा ‘फिरते घर’ हा सरळ अनुवाद मूळ संज्ञेतील भूल मराठीत जशीच्या तशी आणतो. ‘भाड्याच्या जागेवरील मालकीचे घर’ हे वर्णन लांबलचक असले तरी अधिक खरे आहे. कारण या घराच्या इतिहासात निर्णायक ठरली ती त्याची चाके नव्हेत, तर त्याखालची जमीन.