पाळण्यातले हात

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात पाळण्यात दिसतं ते दुपटं. तरीही बारशाला आलेली प्रत्येक आत्या पाळण्यात डोकावून "डोळे बघा कसे चौकस आहेत, कलेक्टर होणार हो!" असं भविष्य वर्तवते आणि घुगऱ्या खाऊन निघून जाते. पुढे तो मुलगा कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून चिकटला तरी आत्याबाईंना कोणी जाब विचारत नाही. भविष्य फुकट असलं की जबाबदारी कोणाचीच नसते.

अमेरिकेत मात्र हे पाळण्यात डोकावण्याचं काम पगारी आहे. तिथले बेसबॉलचे व्यावसायिक संघ त्यासाठी पदरी माणसं बाळगून असतात. त्यांना म्हणतात स्काऊट. स्काऊट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात स्कार्फ अडकवून म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देणारा मुलगा उभा राहतो. हे स्काऊट तसले नव्हेत. यांतले कित्येक स्वतःच म्हातारे. डोक्यावर टोपी, हातात वही, आणि गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर उन्हातान्हात बसून सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडे टक लावून बघायचं. पोरगा आज कसा खेळतो हे तर त्याच्या शेजारणीलाही सांगता येतं. स्काऊटाला पगार मिळतो तो हा पोरगा पंचविशीत कसा खेळेल ते सांगण्याचा.

त्यातही ओळखायला सगळ्यांत अवघड प्राणी म्हणजे पिचर. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. पण याला धावत यायची मुभा नाही आणि हात सरळ ठेवण्याचं बंधन नाही. मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि साठ फूट सहा इंचांवरच्या 'होम प्लेट'वर चेंडू फेकायचा, टप्पा न पाडता. हे अंतर १८९३ साली ठरलं, ते आजतागायत तेच आहे. ताशी ९० मैलांनी, म्हणजे १४५ किलोमीटरने, सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत तिथे पोचतो. तेवढ्यात फलंदाजाने चेंडू बघायचा, ओळखायचा, बॅट फिरवायची की नाही ते ठरवायचं आणि फिरवायची. आपण एवढ्या वेळात "अरे" एवढंच म्हणू शकतो.

असा पिचर निवडताना जुने स्काऊट काय बघत? आपल्याकडे मुलगी बघायला जाणारी मंडळी जे बघत, जवळजवळ तेच. उंची बघत. खांदे बघत. बोटं लांब आहेत का बघत, कारण लांब बोटांत चेंडू नीट खेळतो. हात मोकळा, चाबकासारखा सुटतो की अडखळतो ते बघत. पोरगा किडकिडीत असला तर उलट खूश होत. अंगावर अजून मांस चढायला जागा आहे, म्हणजे वेगही वाढेल, असा हिशेब. पोरगा अजून किती उंच होईल याचा अंदाज घ्यायला आईबापांकडेही हळूच नजर टाकत. शिवाय 'चांगला चेहरा' नावाचा एक गुण असे. तो म्हणजे देखणेपणा नव्हे. या चेहऱ्याचा माणूस कच खाणार नाही, असं स्काऊटाच्या मनाने घेतलं की तो चेहरा चांगला. आणि सगळ्यांत शेवटी बघायचा तो 'मेकअप'. घाबरू नका, याचा पावडरशी संबंध नाही. त्यांच्या भाषेत मेकअप म्हणजे स्वभाव : चिकाटी, डोक्याची शांतता, हरल्यावर रात्री झोप लागते की नाही, वगैरे.

हे सगळं मोजायला त्यांनी पट्टी केली आहे, २० ते ८० गुणांची. तिचं श्रेय बहुधा ब्रँच रिकी या गृहस्थांना दिलं जातं. हेच ते रिकी, ज्यांनी १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं आणि गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या बड्या साखळीचं दार १९४७ मध्ये काळ्या खेळाडूला उघडून दिलं. या पट्टीवर ५० म्हणजे बड्या साखळीतला सर्वसाधारण खेळाडू, ८० म्हणजे अवतारी पुरुष. आणि कितीही वाईट खेळलात तरी वीस गुण पदरात! आमच्या गणिताच्या मास्तरांना ही पट्टी ठाऊक असती तर कितीतरी घरांतली रात्रीची जेवणं सुखाने पार पडली असती.

पण या पट्टीची खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक गुणासमोर रकाने दोन. एक 'आज' आणि दुसरा 'पुढे'. वेगवान चेंडू : आज ४५, पुढे ६०. वळणारा चेंडू : आज ३५, पुढे ५०. पहिला रकाना डोळ्यांनी भरायचा. दुसरा कशाने भरायचा? या धंद्याचा सगळा इतिहास म्हणजे या दुसऱ्या रकान्याशी चाललेली झटापट आहे.

कधी कधी दोन्ही रकाने एकदमच भरून येतात. आयोवा राज्यातल्या व्हॅन मीटर गावचा शेतकऱ्याचा मुलगा बॉब फेलर असाच. क्लीव्हलंडच्या साय स्लापनिका या स्काऊटाने त्याला सही करायला लावली, ती एक डॉलर आणि खेळाडूंच्या सह्या केलेला एक चेंडू एवढ्या मोबदल्यात. आपल्याकडे साखरपुड्याला नारळ देतात, तसं. १९३६ च्या ऑगस्टात सतरा वर्षांच्या या पोराला पहिल्यांदा सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू दिला, तर त्याने पंधरा फलंदाजांना 'स्ट्राइक आऊट' करून रिकाम्या हाताने परत धाडलं. आणि मोसम संपल्यावर हा वीर दप्तर उचलून पुन्हा शाळेत गेला, कारण मॅट्रिक व्हायचं राहिलं होतं.

याच्या चेंडूचा वेग मोजायचा कसा, हा तेव्हा प्रश्नच होता. १९४० च्या सुमारास एक युक्ती काढली. ताशी ८६ मैलांनी धावणारी पोलिसाची मोटरसायकल त्याच्या शेजारून सोडली आणि त्याच क्षणी त्याने चेंडू फेकला. चेंडूने मोटरसायकलला मागे टाकलं. पोलिसाच्या मोटरसायकलला मागे टाकणाऱ्याचं एवढं कौतुक आपल्याकडे झाल्याचं ऐकिवात नाही. पुढे १९४६ साली लष्कराचं यंत्र आणून मोजलं तेव्हा आकडा आला ९८.६ मैल. जुन्या फॅरनहाइट थर्मामीटरवर निरोगी माणसाचा आकडाही नेमका हाच. तेव्हा फेलरच्या हाताची प्रकृती उत्तम होती म्हणायची.

आता दुसरा हात बघा. स्टीव्ह डाल्कोव्स्की, कनेक्टिकट राज्यातला. १९५७ साली बाल्टिमोरच्या संघाने त्याला शाळा संपल्या संपल्या उचलला. त्याच्यासमोर उभे राहिलेले लोक सांगत, की एवढा वेग आम्ही जन्मात पाहिला नाही. संघाने १९५८ मध्ये त्यालाही लष्कराच्या यंत्रापुढे उभं केलं. आदल्याच रात्री गडी सामना खेळलेला, पायांखाली उंचवटा नाही, आणि यंत्राच्या चौकटीतून चेंडू जाईपर्यंत चाळीसेक मिनिटं गेली. वेग भरला ९३.५ मैल. खरी अडचण वेगाची नव्हतीच, चौकटीची होती. बेसबॉलमध्ये चार चेंडू भलतीकडे गेले की फलंदाजाला फुकटात पहिला तळ मिळतो. १९६० च्या मोसमात डाल्कोव्स्कीने १७० डावांत २६२ जणांना स्ट्राइक आऊट केलं आणि बरोबर २६२ जणांना फुकटात सोडलं! जमा तेवढाच खर्च. सरकारी अंदाजपत्रकालासुद्धा हे कधी साधत नाही.

१९६२ साली अर्ल वीव्हर या व्यवस्थापकाने त्याला समजावलं : बाबा रे, थोडं हळू टाक. आणि आश्चर्य म्हणजे ते जमू लागलं. १९६३ च्या वसंतात बड्या संघाचं दार दिसायला लागलं, आणि तेवढ्यात कोपर गेलं. बड्या साखळीतला एकही सामना तो खेळला नाही. पुढे शेतमजुरी आणि दारू यांत वर्षं गेली. २०२० साली वारला. पहिल्या रकान्यात ८० गुण असलेल्या माणसाची ही गोष्ट. ती सांगताना विनोद सुचत नाही.

मग १९७४ साल उजाडलं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी एक छायाचित्र पाहिलं : विद्यापीठाच्या आवारातले पोलीस भरधाव मोटारी पकडायला रडारची बंदूक वापरताहेत. गाडी मोजता येते तर चेंडू का नाही? झालं. काही वर्षांत स्काऊटांच्या हातांत वहीच्या जोडीला बंदूक आली. पोरगा चेंडू फेकतो, मागे बसलेली मंडळी एकदम बंदुका उचलतात, आकडा बघून मान डोलावतात. आणि पोरगाही फलंदाजाऐवजी बंदुकीकडे बघायला शिकला.

या आकड्याची भूल एवढी, की १९८५ साली एका नामांकित अमेरिकन क्रीडासाप्ताहिकात जॉर्ज प्लिम्प्टन यांनी सिद्धार्थ फिंच नावाच्या पिचरवर लेख लिहिला. तिबेटात योगसाधना केलेला, एका पायात जड बूट घालून ताशी १६८ मैलांनी चेंडू फेकणारा. पुष्कळांनी विश्वास ठेवला. अंकावर तारीख होती १ एप्रिल! सिद्धी मिळवायला आपण हिमालयात जन्म घालवायचा आणि तिचा उपयोग अमेरिकेने बेसबॉलला करायचा, हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

बंदुकीला 'आज' बिनचूक दिसतो. 'पुढे' तिच्या नळीत मावत नाही. ग्रेग मॅडक्स १९८४ साली दुसऱ्या फेरीत, एकतिसाव्या नंबरावर निवडला गेला. अंगाने बेताचा, वेगाने बेताचा. त्याने ३५५ सामने जिंकले. पनामातल्या कोळ्याचा मुलगा मारियानो रिव्हेरा १९९० साली न्यूयॉर्कच्या यांकी संघाला दोन-तीन हजार डॉलरांत मिळाला. १९९७ मध्ये सहकाऱ्याशी झेलाझेली करता करता त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप वळायला लागला, आणि त्या एका चेंडूवर तो सोळा वर्षं जगला. संघाची निसटती आघाडी अखेरीस राखण्याची किमया त्याने ६५२ वेळा केली. आणि २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता सन्मानमंदिरात गेलेला तो पहिला खेळाडू. हा चेंडू १९९० च्या कुठल्या रकान्यात लिहिणार? टॉम सीव्हरचं तर १९६६ साली, आधीचा करार नियमात न बसल्यामुळे, तीन संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून ठरलं. न्यूयॉर्कच्या मेट्सची चिठ्ठी निघाली आणि त्यांना ३११ सामने जिंकणारा पिचर मिळाला. एवढं अचूक भाकीत पुष्कळ स्काऊटांनाही साधलेलं नाही.

आणि १९७४ सालीच, सप्टेंबरात, लॉस एंजेलिसला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातली एक कंडरा काढून ती डाव्या कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवली. तोवर असं कोपर म्हणजे घरी बसणं. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला आणि आणखी १६४ सामने जिंकला. एकाच वर्षात बंदूक आली आणि टाकेही आले. योगायोगच, पण पुढे दोघांचं गोत्र जुळलं. आकडा वाढवायला पोरं प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकू लागली, आणि ज्या वयात मुरूम फुटतात त्या वयात कोपरं फुटू लागली. २०२४ च्या डिसेंबरात बड्या साखळीने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं, की वेगाचा हव्यास हे या दुखापतींचं एक मोठं कारण आहे.

ती बंदूक २००८ साली आपल्याकडेही आली. 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या स्पर्धेत हजारो पोरांनी चेंडू फेकले. जिंकला उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग, ताशी ८७ मैल. तो आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल म्हणजे काय ते त्यांना अमेरिकेत गेल्यावर कळलं. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या संघाने दोघांनाही करारबद्ध केलं. दिनेश दोनेक वर्षांत परतला. रिंकू चिवटपणे खालच्या साखळ्यांत खेळत राहिला, दुखापतींनी गाठलं, बड्या साखळीचं दार काही उघडलं नाही. पुढे २०१८ साली तो व्यावसायिक कुस्तीत शिरला आणि 'वीर महान' या नावाने गाजला.

त्याच्याही नावापुढे कुणा स्काऊटाने दोन रकाने आखले असतील. पहिल्यात ८७ मैलांचा हिशेब असेल. दुसऱ्यात काय लिहिलं असेल ते असो. 'कुस्ती' लिहायला त्यात जागा नसणार. आत्याबाईंना मात्र हे जमलं असतं. त्यांनी पाळण्यात डोकावून, घुगऱ्यांचा बकाणा भरता भरता, "पैलवान होणार हो!" असं खुशाल सांगून टाकलं असतं.